वळण : उत्क्रांती, वाढ आणि संस्कृतिभेद

मराठीत ‘वळण’ हा शब्द रस्त्यासाठी वापरतात, अक्षरासाठी वापरतात आणि मुलासाठीही वापरतात. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट अभिप्रेत असते : दिशा आहे, पण ती आरंभीच हाती ठेवलेली नाही, चालता चालता, गिरवता गिरवता, वाढता वाढता ती येते, आणि एकदा आली की सहसा मोडत नाही. मानवी उत्क्रांती आणि मानवी समाजांतील संस्कृतिभेद ह्यांचा परस्परसंबंध काय, ह्या प्रश्नावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे विपुल लेखन झाले, त्यात नेमकी हीच कल्पना बहुतेक वेळा हरवलेली दिसते. एका बाजूस उत्क्रांतीचे अभ्यासक लक्षावधी वर्षांचा हिशेब मांडतात. दुसऱ्या बाजूस संस्कृतीचे अभ्यासक प्रौढ माणसांच्या चालीरीती नोंदवतात. मधली पंधरा-वीस वर्षे, म्हणजे जन्मलेले मूल ज्या काळात माणूस होते ती वर्षे, दोघांच्याही टिपणांत पुष्कळदा कोरी राहतात. त्यामुळे केवळ एक प्रकरण अपुरे राहते असे नव्हे. जे वाढीत घडले ते ‘जन्मजात’ म्हणून नोंदले जाते, आणि जातिभेदाने ग्रासलेल्या समाजात ह्या चुकीची किंमत कोणाला द्यावी लागते हे सांगावयास नको.

ह्या प्रश्नाची परीक्षा पाहण्यास दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, देहूपासून जवळच, सुदुंबरे नावाचे गाव आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांच्या अभंगांचे लेखक संताजी जगनाडे ह्यांची समाधी ह्या गावी आहे. संताजी जातीने तेली. त्यांचा जन्म चाकण येथे १६२४ साली झाला असे परंपरा सांगते. धंद्याच्या हिशेबापुरते लिहिणे त्यांना घरीच, वडिलांकडून, आले, असेही परंपरा सांगते. तुकोबांच्या कीर्तनात ते मागे टाळ घेऊन उभे राहत आणि ऐकलेले लिहून ठेवीत. कडूसचे गंगाराम मवाळ हे दुसरे लेखक. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या तेव्हा लोकांच्या मुखी असलेले अभंग संताजींनी गोळा केले, अशी एक कथा आहे; वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी दुसरी आणि अधिक प्रसिद्ध कथा आहे. दोन्ही कथा एकाच श्रोतृवर्गात सुखाने नांदतात. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पहिली अधिक मोलाची. तिच्यात अभंगाचे मुख्य वसतिस्थान कागद नसून माणूस आहे.

तुकोबांच्या गाथेच्या संपादनाचा इतिहास येथे थोडक्यात ध्यानी घ्यावयास हवा. मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित ह्यांनी सिद्ध केलेली दोन भागांची आवृत्ती १८६९ व १८७३ मध्ये निघाली; तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. पुढे विनायक लक्ष्मण भावे ह्यांनी जगनाडे ह्यांच्या वहीवरून ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ १९१९-२० मध्ये छापला. ‘अस्सल’ हे विशेषण भाव्यांच्या मनातील कल्पना स्पष्ट करते : मूळ एक आहे, बाकीच्या त्याच्या नकला, नकलेत भेसळ होते, म्हणून जी वही मुळाच्या जवळ ती खरी.

ही कल्पना ग्रंथसंपादनाची नित्याची कल्पना आहे. वहीवरून वही उतरवली जाते, उतरवताना चूक होते, ती चूक पुढच्या वहीत जाते, आणि अशा सामाईक चुकांवरून कोणती वही कोणत्या वहीची संतती हे ठरवता येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य ह्याच मार्गाने चालले. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांच्या जातींचा वंशवृक्ष रेखाटतात तोही अशाच सामाईक बदलांवरून. ह्या साम्यामुळेच संस्कृतीचा इतिहास उत्क्रांतीच्या परिभाषेत सांगण्याचा मोह विद्वानांना वारंवार झाला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी १९३३ मधील आपल्या प्रस्तावनेतच इशारा दिला होता की महाभारताच्या पोथ्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की निखळ वंशवृक्षाची पद्धत तेथे जशीच्या तशी लागू पडत नाही. जो इशारा पोथ्यांच्या पंडिताला सुचला तो संस्कृतीच्या सिद्धान्तकारांना पुष्कळ उशिरा सुचला.

रिचर्ड डॉकिन्स ह्यांनी १९७६ मध्ये ‘मीम’ हा शब्द घडवला. जनुक जसा देहातून देहात, तशी कल्पना, चाल किंवा सुरावट मनातून मनात नकलेच्या रूपाने उतरते, असा त्यांचा आशय. हा शब्द लोकप्रिय झाला. शास्त्र म्हणून मात्र त्याच्या हाती फारसे काही लागले नाही. त्याहून जबाबदारीचे काम कावाल्ली-स्फोर्झा आणि फेल्डमन ह्यांचे (१९८१) व बॉइड आणि रिचरसन ह्यांचे (१९८५). पहिल्या दोघांनी सांस्कृतिक संक्रमणाचे उभे, आडवे आणि तिरपे असे प्रकार केले : आईबापांकडून, समवयस्कांकडून, आणि आईबापांच्या पिढीतील इतरांकडून. दुसऱ्या दोघांनी शिकणारा आपल्या अनुभवाने शिकलेल्यात फेरफार करतो हेही आपल्या गणितात घेतले. तरीही ह्या सर्व मांडणीत शिकणाऱ्याला वय नाही. तो दोन वर्षांचा आहे की बावीस वर्षांचा, त्याचे दात आले आहेत की नाहीत, त्याला भूक लागली आहे की नाही, ह्याने समीकरण फारसे बदलत नाही. वही आणि शिष्य ह्यांत ह्या विद्वानांनी फरक केला. पण शिष्य हा एकेकाळी तान्हा होता ही गोष्ट त्यांच्या गणिताच्या काठावरच राहिली. डान स्पर्बर ह्यांनी १९९६ मध्ये नकलेच्या कल्पनेलाच हरकत घेतली आणि प्रत्येक मन ऐकलेले पुन्हा नव्याने रचते असे म्हटले. ती हरकत योग्य आहे. परंतु त्यांचेही ‘मन’ पुष्कळसे तयार झालेले मन आहे.

आता संताजींच्या वहीकडे पुन्हा पाहावे. तुकोबांच्या मुखातून ह्या वहीपर्यंतची वाट कागदावरून कागदावर गेलेली नाही. ती कानातून, कंठातून आणि मग बोरूतून गेली. वहीतील लेखन पंडिती नियमांपेक्षा कानाला जवळचे आहे, आणि भाव्यांना तिचे मोल वाटले त्याचे हे एक कारण. म्हणजे ज्याला संपादक ‘पाठ’ म्हणतो त्याच्या आधी एक घडलेला कान आहे. आणि तो कान कीर्तनात घडलेला नाही, पाळण्यात घडलेला आहे.

हे विधान अलंकारिक नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जी उदाहरणे वापरली त्यांपैकी एक मराठी वाचकाला घरचेच वाटेल : हिंदीतील दन्त्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ह्यांतील भेद. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना हा भेद कानाने ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी फारच थोड्यांना तो आला. हिंदी भाषक घरांतील मुलांमध्ये ही क्षमता टिकून होती. वर्ष पुरे होण्याच्या आतच, एकही शब्द धड उच्चारण्यापूर्वी, मुलाच्या कानाला वळण लागते. जगातील भाषांतले नानाविध ध्वनिभेद ऐकू शकणारा कान हे उत्क्रांतीचे देणे. त्यांतले थोडेच भेद महत्त्वाचे मानणारा कान ही संस्कृतीची करणी. आणि एकापासून दुसरा होतो तो काही महिन्यांच्या वाढीत. येथे उत्क्रांती कोठे संपली आणि संस्कृती कोठे सुरू झाली, हा प्रश्न विचारण्यातच अर्थ उरत नाही.

पण मग अशी वाढ माणसाच्याच वाट्याला एवढी का आली? जन्मतः मानवी मेंदू प्रौढ मेंदूच्या तीन-दशांशांहूनही किंचित लहान असतो. चिंपांझीचा सुमारे दोन-पंचमांश असतो. चिंपांझीच्या पिलाची पहिली कायमची दाढ तीन-चार वर्षांच्या सुमारास येते, मानवी मुलाची सहाव्या वर्षाच्या सुमारास. चिंपांझीचे पिलू चार-पाच वर्षे आईला पिते आणि तुटले की स्वतःचे अन्न स्वतः शोधू लागते. मानवी मूल त्याहून लवकर तुटते, आणि तरीही आपले अन्न मिळवण्यास पुढे कित्येक वर्षे असमर्थ असते. अंगावरचे दूध सुटले आहे पण स्वतःचे पोट भरता येत नाही, अशी ही मधली अवस्था. बॅरी बोगिन ह्यांच्या मते ती मानवाच्या जीवनक्रमात नव्याने घुसलेली अवस्था आहे आणि खऱ्या अर्थाने ‘बालपण’ ते हेच. ह्या अवस्थेत मुलाला भरवणारे हात आईखेरीज दुसरे लागतात. सारा हर्डी ह्यांनी २००९ मधील आपल्या ग्रंथात ह्याच हातांना मानवी उत्क्रांतीच्या केंद्रस्थानी आणले. मराठी घरात ह्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. आजी, आत्या, मावशी आणि कडेवर धाकट्याला घेऊन फिरणारी सात वर्षांची ताई हेच ते हात होत.

परावलंबनाचा हा काळ तोट्याचा वाटतो. त्याचा लाभ असा की मुलाचा मेंदू गर्भाच्या अंधारात पुरा न होता माणसांच्या गलबल्यात पुरा होतो. जनुकांनी वाढीसाठी जो वेळ राखून ठेवला त्यात संस्कृती शिरते. कॉनरॅड वॉडिंग्टन ह्या गर्भविज्ञानवेत्त्याने १९५७ मध्ये वाढीचे एक चित्र काढले होते : उताराची भूमी, तीत फुटत जाणाऱ्या दऱ्या, आणि वरून गडगडत येणारा गोळा. आरंभी गोळ्यापुढे अनेक वाटा असतात. खाली येता येता तो एका दरीत शिरतो आणि मग बाजूचा धक्का बसला तरी त्याच दरीत परततो. मावळातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. पावसाचे पाणी डोंगरावरून असेच उतरते. वॉडिंग्टन ह्यांच्या चित्रात भूमीचा आकार जनुकांनी खालून ताणलेला दाखवला आहे. त्यात उणीव काढावयाची तर ती इतकीच की माणसाच्या बाबतीत ह्या भूमीवर वरूनही हात फिरत असतो. दऱ्या काही अंशी मागल्या पिढीने खणलेल्या असतात.

ह्या दऱ्या मूल कसे स्वीकारते ह्याविषयी व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन ह्यांचा २००५ मधील प्रयोग उद्बोधक आहे. खाऊ असलेली पेटी उघडताना प्रयोगकर्त्याने काही उपयोगाच्या आणि काही निरुपयोगी कृती केल्या. पेटी अपारदर्शक असताना चिंपांझींनी बहुतेक सर्व कृतींची नक्कल केली. पारदर्शक पेटीत व्यर्थता डोळ्यांना दिसताच त्यांनी निरुपयोगी कृती गाळल्या. तीन-चार वर्षांची मुले पारदर्शक पेटीपुढेही सारे काही करीत राहिली. वरवर पाहता चिंपांझी शहाणे ठरले. पण आयुष्यातील किती कृतींचे कारण मुलाला दिसत असते? तेलाच्या घाण्यावर दाणा किती ओला करावा, पेंड केव्हा काढावी ह्यांची कारणे करणाऱ्या प्रौढालाही पुष्कळदा सांगता येत नाहीत. जो ‘का’ विचारून थांबला त्याला धंदा आला नसता. विश्वासाने केलेले अनुकरण ही मानवी मुलाची बौद्धिक दुर्बलता नव्हे. जे एका जन्मात शोधून काढता येत नाही ते मिळवण्याचा तो मार्ग आहे. कर्मकांडाची आणि रूढीची मुळेही त्याच मार्गात आहेत, हे मान्य केले पाहिजे. विद्या आणि अंधरूढी एकाच दाराने घरात येतात.

वारकरी घरातील मूल हरिपाठ शिकते ते असेच. आधी टाळांचा ठेका अंगात येतो, पाऊल पडते, मग ध्रुपदाचा शेवट तोंडात येतो, मग मधले शब्द. अर्थ पुष्कळ वर्षांनी येतो आणि काहींना तो कधीच पुरता येत नाही. ह्या क्रमात अभंग उतरवला जात नाही, उगवतो. म्हणून एकाच अभंगाच्या अनेक चाली, अनेक पाठ. त्यांना केवळ ‘भ्रष्ट’ म्हणणे ही कागदाची दृष्टी झाली.

भाषा आणि गायन ह्यांची उदाहरणे घेतली की वाचक सहज होकार देतो. कारण ह्या गोष्टी शिकाव्या लागतात हे कोण नाकारील? खरी कसोटी शरीराची. देह तरी वंशाचा साक्षीदार मानावा की नाही? ह्या प्रश्नावर महाराष्ट्रातील मानवशास्त्राचा विचार इरावती कर्वे ह्यांच्यापासूनच सुरू करावा लागतो. १९२८ ते १९३० ह्या काळात बर्लिन येथे ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा अभ्यास केला. ही असमानता वंशागणिक बदलते आणि युरोपीय श्रेष्ठत्वाची खूण तीत सापडते, अशी गुरूंची अपेक्षा होती. शिष्येने मापे घेतली आणि असा संबंध दिसत नाही असे लिहिले. त्या संस्थेत, त्या काळी, हे लिहिण्यास लागणारे धैर्य लहान नव्हते. आज असेही म्हणता येते की डाव्या-उजव्यातील असले लहानसहान फरक बऱ्याच अंशी वाढीच्या वाटेवरील खाचखळग्यांतून येतात. म्हणजे वंशाची साक्ष म्हणून जे हाती घेतले होते ते वाढीची साक्ष निघाले.

पुढे विनायक महादेव दांडेकर ह्यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातींची शारीरिक मापे घेतली (१९५१). एकाच नावाखाली वावरणाऱ्या पोटजाती मापांनी एकमेकींपासून दूर पडतात. तेव्हा जातिसमूह हा एका समाजाच्या फुटीतून नव्हे तर वेगवेगळ्या गटांच्या एकत्र येण्यातून झाला असावा, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि १९६१ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात तो विस्ताराने सांगितला. समाजशास्त्र म्हणून हा सिद्धान्त आजही विचारात घेण्यासारखा आहे. परंतु त्याचा पुरावा असलेली मापे प्रौढांची होती. उंची, डोक्याची रुंदी, नाकाची रुंदी ही त्यांनी कुळाची निशाणी म्हणून वाचली. ती बालपणाची निशाणीही असू शकते ह्या शक्यतेला तेथे पुरेशी जागा मिळाली नाही. फ्रान्झ बोआस ह्यांनी अमेरिकेत स्थलांतरितांच्या आणि त्यांच्या मुलांच्या सुमारे अठरा हजार जणांच्या मापांवरून १९१२ मध्येच दाखवले होते की डोक्याचा आकारही नव्या देशात वाढलेल्या मुलांत बदलतो. बोआस ह्यांच्या आकड्यांची फेरतपासणी २००२ आणि २००३ मध्ये दोन गटांनी केली. एकाने बदल नगण्य ठरवला, दुसऱ्याने बोआस मुख्यतः बरोबर ठरवले. वंशपरंपरेचा भाग मोठा आहे आणि वाढीचा भाग लहान पण खरा आहे, एवढे दोन्ही वाचून म्हणता येते. हा लहान भाग डोक्याच्या बाबतीत लहान. उंची आणि वजन ह्यांच्या बाबतीत तो मुळीच लहान नाही.

कर्वे ह्यांच्यावर हा आक्षेप घेताना त्यांच्याच दुसऱ्या लेखनाची साक्ष काढणे उचित होईल. भारतीय आप्तसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात त्यांनी उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील मुलीच्या आयुष्यातला फरक दाखवला आहे : एकीकडे परक्या गावात परक्यांच्या घरी जाणारी वधू, दुसरीकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी जाणारी, लहानपणापासून त्या माणसांत वावरलेली. महाराष्ट्र ह्या दोहोंच्या सीमेवर. येथे त्या विवाहाचा नियम सांगत नाहीत, त्या नियमाखाली वाढणारी मुलगी दाखवतात. पंढरीच्या वारीवरील त्यांचा निबंधही, ज्याचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले, एकत्र चालणाऱ्या पण जातवार वेगळे जेवणाऱ्या दिंड्यांची वेदना सांगतो. मापाच्या पट्टीने जे निसटले ते लेखणीने पुष्कळसे पकडले. दुर्दैव असे की शास्त्र म्हणून पट्टी वाचली गेली आणि ललित म्हणून लेखणी.

शरीराच्या बाबतीत वाढीचा भाग किती खोल जातो हे पुणे जिल्ह्यातीलच एका अभ्यासाने दाखवले. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा, त्यांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. पूर्ण दिवसांच्या ह्या मुलांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील मुलांचे सुमारे ३.५ किलो. येथपर्यंत नवे काही नाही. नवे होते ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण : मावळत्या मापाने ही मुले सर्वच अंगांनी सारखी लहान नव्हती. पोट आणि दंड ह्यांत ती फार मागे होती, त्वचेखालच्या चरबीत फारच थोडी मागे. कृश दिसणारे अर्भक आतून तुलनेने स्थूल होते. मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्यांच्यात ते कमी पण फोलेट अधिक होते त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला शरीर कमी जुमानते असे २००८ मध्ये नोंदले गेले.

ह्या निष्कर्षांचा अर्थ लावताना दोन मोह होतात. एक मोह जेम्स नील ह्यांच्या १९६२ मधील कल्पनेचा : दुष्काळात टिकलेल्या पूर्वजांचे ‘काटकसरी’ जनुक. दुसरा, हेल्स आणि बार्कर ह्यांच्या १९९२ मधील कल्पनेच्या पुढील विस्ताराचा : गर्भ बाहेरच्या हवामानाचा अंदाज घेतो आणि टंचाईसाठी तयार होतो. पहिल्यात वाढ नाही, केवळ वंश आहे. दुसऱ्यात वाढ आहे, पण गर्भाला ज्योतिषी केले आहे. जोनाथन वेल्स ह्यांचा आक्षेप अधिक पटण्यासारखा आहे : गर्भाला उद्याचा पाऊस दिसत नाही, त्याला आईचे शरीर दिसते. आणि आईचे शरीर म्हणजे तिची उंची, तिची कंबर, तिच्या लहानपणीचे जेवण. ज्या घरात बाई सर्वांमागून उरलेले जेवते, ज्या घरात दूध आधी मुलग्याच्या वाटीत पडते, त्या घराची रीत तिच्या हाडांत उतरते आणि तेथून नातवंडांच्या जन्मवजनात. ही वंशपरंपरा नव्हे असे कोण म्हणेल? पण ती जनुकांची नव्हे. आणि तिला केवळ ‘संस्कृती’ म्हणून समाजशास्त्राच्या कप्प्यात टाकले तर वैद्याला ती दिसणार नाही.

बालपण कोणाला कसे मिळावे हे समाज ठरवतो, ह्याचा महाराष्ट्रातील सर्वांत जाणता अनुभव ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचा. माँटेसरीच्या पद्धतीत मुलाच्या वाढीच्या पायऱ्या सर्वत्र सारख्याच धरलेल्या, आणि साधनेही ठरलेली. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झाले आणि पुढे ते कोसबाडला वारली मुलांत गेले तेव्हा ह्या पायऱ्यांचे काय झाले? साधने पानांची, बियांची, खड्यांची झाली. शाळेत मुले येईनात, कारण सहा-सात वर्षांचे मूल तेथे निव्वळ मूल नव्हते. ते गुराखी होते, धाकट्या भावंडाची आया होते. तेव्हा शाळाच अंगणात गेली, कुरणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी कागदांतून इतका झिजला आहे की त्यातील शोध कोणाच्या ध्यानी येत नाही. शोध असा की वारली मुलाची वाढ मागे पडलेली नव्हती, ती दुसऱ्या दरीत उतरत होती. आणि तरीही अक्षराची वाट तिला मिळणे हा तिचा हक्क होता. ह्या दोन विधानांत विरोध आहे असे मानणारे दोन्ही बाजूंना आहेत. एक पक्ष वेगळेपणाला मागासलेपण म्हणतो. दुसरा वेगळेपणाचे कौतुक करता करता शाळेचे दार बंद करतो. वाढीचा विचार हे दोन्ही करू देत नाही, कारण वाढीला वेळापत्रक असते आणि काही दारे खरोखरच उशीर झाला की जड होतात, जसे ‘त’ आणि ‘ट’ ह्यांचे दार दहाव्या महिन्यानंतर होते.

संताजींच्या बाबतीत अक्षराचे दार उघडले ते हिशेबाच्या वहीने. जातीने त्यांना शास्त्र नाकारले, पण तेलाच्या उधारीने लेखणी दिली. त्या एका अपघाती वळणामुळे तुकोबांचा एक कान आणि एक हात एकाच देहात आले. त्या काळच्या मावळात असे कान अनेक होते. हात फार थोडे.

ह्यावरून नक्कल आणि वाढ ह्या दोन कल्पनांत निवाडा करण्याचा एक मार्गही सुचतो, आणि तो पोथ्यांच्या अभ्यासकाला व मुलांच्या अभ्यासकाला सारखाच खुला आहे. संस्कृती जर नकलेने उतरत असेल तर चुका विखुरलेल्या असतील : येथे एक अक्षर गळलेले, तेथे एक ओळ दोनदा आलेली, डोळा चुकला तसा हात चुकलेला. ती जर वाढीतून उतरत असेल तर चुका एका बाजूला झुकलेल्या दिसतील. अनोळखी शब्द घरच्या शब्दाकडे सरकेल, अवघड जोडाक्षर बोलीकडे सरकेल, लांब चरण ठेक्यात बसेल एवढा आखूड होईल. आणि पाच वर्षांच्या मुलाचा झुकाव बारा वर्षांच्या मुलाहून निराळा निघेल. हरिपाठ शिकणाऱ्या एकाच गावच्या मुलांना दरवर्षी, त्याच महिन्यात, तेच अभंग म्हणावयास लावून ऐकले तर हे पडताळता येईल. मार्गशीर्षात संताजींच्या पुण्यतिथीला सुदुंबरे येथे ठिकठिकाणच्या तेली समाजाची माणसे मुलाबाळांसह जमतात. वऱ्हाडी, खानदेशी आणि मावळी उच्चारांत तेच अभंग शेजारी शेजारी उभे राहून म्हटले जातात. ज्याला झुकाव मोजावयाचा आहे त्याने मापाची पट्टी तेथे न्यावी, आणि भाव्यांची आवृत्तीही काखेत असू द्यावी. कारण तिच्यातील ज्या रूपांना शुद्धलेखनाच्या दृष्टीने चुका म्हणतात ती कोणत्या बाजूला झुकतात हे शेजारी म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडून कळण्याचा संभव अधिक आहे.